शहर वजा करून

भांडुपच्या मिठागरात, जानेवारीत, रात्री सव्वाबाराला
टायटस दोन बांबूंना पांढरी चादर बांधतो
आणि मी दहा मीटर मोजते, पोलादी फितीनं.
नोकरीच तशी. वैधमापन खातं,
बावीस वर्षं तराजूंच्या पोटावर शिक्के.
पावलांनी मोजलेलं मला चालत नाही.

पहिला टॉर्च, दुकानातून आणला तसाच.
चादरीपाशी मीटर धरून मी ओरडते : सहाशे वीस.
दुसरा त्याचाच जुळा भाऊ,
पण टायटसच्या हाताखालून गेलेला :
स्प्रिंगवरून तांब्याची वेणी घातलेली,
दिव्याच्या डोक्यावरचा मऊ घुमट
रात्रभर पेट्रोलात भिजवून सोललेला.
अठराशे चाळीस.
टायटस काही बोलत नाही. नाक खाजवतो.

म्हणजे तिप्पट लांब जाणार?
छे. उजेड वर्गमुळानं चालतो,
चौपट जाळावं तेव्हा दुप्पट पोचतो.
चारशे अठ्ठ्याण्णव मीटरचे
आठशे अठ्ठावन्न झाले, एवढंच,
आणि त्यासाठी टायटसच्या अंगठ्यावर
डागणीचा एक फोड.

शिवाय एकूण उजेड घटलाच.
तो आम्ही घरी मोजतो,
ससून डॉकवरून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यात.
आतून पांढरा रंग देऊन तीन वर्षं झाली,
बोंबलाचा वास काही जात नाही.
घुमट होता तेव्हा अकराशे ल्युमेन,
सोलल्यावर आठशे ऐंशी.
कमी, पण एका दिशेला.
(माझ्या लग्न न करण्याबद्दल
मामा साधारण हेच म्हणाले होते.)

तिसऱ्या टॉर्चच्या वेष्टनावर नव्वद हजार छापलेत.
खोक्यात चारशे दहा भरले.
विकणाऱ्याला मी ओळखते,
त्याचा वजनकाटा मात्र चोख आहे.

आता पोच म्हणजे काय, तर
झोत जिथे विरत विरत
पाव लक्सवर येतो ती जागा.
पाव लक्स म्हणजे पुनवेचं चांदणं, निरभ्र रात्रीचं.
कोणीतरी कुठेतरी बसून ठरवलं
की टॉर्च चांदण्यापाशी संपतो.
मला हे आवडतं. कारण विचारू नका.

पण सगळे टॉर्च बंद करून
मीटर मोकळा धरला, तर तो शून्यावर येईना.
शून्य दशांश सहा.
आज अवस, आणि तरी मिठाच्या वाफ्यांत
दोन पुनवांहून जास्त सांडलेलं :
नाहूरचे टॉवर, हमरस्त्याचे पिवळे खांब,
पलीकडे ऐरोली, आणि ढगाला खालून लागलेली
सगळ्यांची मिळून एक राखाडी साय.
तेव्हा प्रत्येक आकड्यातून मुंबई वजा.

सहाशे विसातून शून्य दशांश सहा कशाला काढतेस, टायटस हसतो.
किलोमागे ग्रॅमभर, असं म्हणणाऱ्यांना
मी दंड केलाय, टायटस.

एक दहाला त्यानं सोललेला टॉर्च
खारफुटीवरून खाडीकडे आडवा धरला.
वर नाही, वर विमानं उतरत असतात.
झोत काठीसारखा गेला,
धुरकटात बोथट झाला,
टायटसनं उगाच बटण तीनदा दाबलं.

आणि पाण्यातून कुठूनतरी
तीनदा उत्तर आलं.

होडी असेल. चिंबोऱ्यांना निघालेला कोणी,
किंवा कोणी नुसताच जागा.
मी मीटर तिकडे वळवला :
शून्य दशांश सहा.
पुन्हा लुकलुकलं, पुन्हा तीनदा.
शून्य दशांश सहा.

लिही, टायटस म्हणाला.
काय लिहू?
वेळ : एक दहा. अंतर : माहीत नाही.
लक्स : शहर वजा जाता शून्य.
शेऱ्याच्या रकान्यात थोडी घुटमळले,
मग लिहिलं : दिसला.

चादर सोडली, घड्या घातल्या.
फितीला मीठ लागलं होतं,
ते आधी पुसून घेतलं,
नाहीतर पहिल्या दहा मीटरांतले आकडेच गंजतात.